सूर्यभानमामांचा काचेतला कळप

सूर्यभानमामांनी उभ्या आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. मीही पाहिलेला नाही, पण मी तसं कुणाला सांगत नाही. तरी शहराच्या गारखेडा भागातल्या आमच्या दातांच्या दवाखान्यात तीनशे लिटरचा एक समुद्र आहे आणि तो मामाच सांभाळतात.

मामा पाचोडकडचे, घराणं मेंढपाळांचं. चरायची रानं कमी होत गेली, मेंढरं विकली गेली आणि साठी ओलांडलेल्या मामांना त्यांच्या मुलानं, रामकिसननं, शहरात आणून दवाखान्याच्या दारात वॉचमन म्हणून बसवलं. मी आत, काउंटरवर. माझी शाळा खुलताबादची. बारावीला इंग्रजीत चौसष्ट मार्क पडले, त्यामुळं दवाखान्यातल्या प्रत्येक इंग्रजी बाटलीचा अर्थ लावायचं काम आपोआप माझ्याकडं आलं. हेच चौसष्ट मार्क पुढं नडले.

टाकी ही आमच्या डॉक्टर प्रांजलीमॅडमची हौस. दाढ काढायला आलेला माणूस मासे बघत बसला तर घाबरणार नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. पुण्याहून एक माणूस येऊन टाकी लावून गेला. सहा मासे, चौदा पोवळी. मामांच्या लेखी पोवळं म्हणजे अंगठीतला लाल खडा. इथं तर एक हिरव्या बोटांचा झुपका, एक जांभळी फांदी, एक मेंदूसारखा गोळा.

"हे झाड हाये का?" मामांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"जनावर आहे, मामा. मॅडम म्हणतात."

"मंग खाली दगुड कसा?"

"तो दगड ते स्वतःच बनवतं."

मामा आधी टाकीकडं आणि मग बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. "जनावर हाये, झाडावानी वाढतंय, अन् दगुड हगतंय. सुदर्शन, तू बारावी खरंच पास झाला ना?"

दारातल्या खुर्चीवरून त्यांची नजर मात्र टाकीवरच. आज कोणता मासा खायला आला नाही, कोणतं पोवळं मिटून बसलंय, हे मॅडमच्या आधी मामांना कळायचं. शेवटी मॅडमनी टाकी त्यांच्याच हवाली केली. त्या दिवसापासून मामा ताठ चालायला लागले. चौदाच्या चौदा पोवळ्यांना त्यांनी आपल्या विकलेल्या मेंढरांची नावं दिली. हिरवा झुपका म्हणजे भुरी, कळपातली सगळ्यांत हट्टी मेंढी.

पोवळ्यांना रोज सकाळी टॉनिक लागतं. एका पांढऱ्या बाटलीतलं, दोन टोपणं. त्यातूनच ती आपला दगड बांधतात. मामांनी कधी एक दिवस चुकवला नाही. मग मार्चमध्ये एका बुधवारी संध्याकाळी ते भाचीच्या लग्नाला पाच दिवस गावी गेले.

गुरुवारी सकाळी पाहिलं तर टाकीतलं पाणी पातळ ताकासारखं दिसत होतं. मी डोकं चालवलं. मामा नाहीत, म्हणजे टॉनिक कुणी दिलं नाही, म्हणून हे असं झालंय. बाटली उचलली, इंग्रजी वाचलं, 'रोज' हा शब्द सापडला, दोन टोपणं ओतली. शुक्रवारीही. सोमवारपर्यंत रोज, रविवारी सुटी असूनही मुद्दाम येऊन. कुणाला सांगितलं नाही, कारण मामा आल्यावर ऐटीत सांगायचं होतं.

मंगळवारी मामा आले आणि पिशवी खांद्यावर तशीच ठेवून टाकीसमोर उभे राहिले. जांभळ्या फांदीची टोकं पांढरी पडली होती. भुरी आक्रसून मुठीएवढी झाली होती.

"मॅडम," मामा सरळ आत जाऊन म्हणाले, "माझ्या हातनं चूक झाली. जाताना पाच दिसाचं टॉनिक एकदमच दिलं. भुरी जरा दुबळी दिसली म्हणून एक टोपण वर."

"पाच दिवसांचं एकदम? का?"

"मिठाचं आम्ही तसंच करतो. बाजारच्या दिशी खडेमीठ आणायचं अन् सपाट दगडावर टाकायचं. मेंढरं चाटत्यात, आठवडाभर बघायला लागत नाय."

मला हसू आवरलं नाही. मामांना मी तिथल्या तिथं 'मिठाचे बाबा' करून टाकलं. आणि हसता हसता मला माझा हिशेब आठवला. मामांची अकरा टोपणं, माझी दहा. आता सांगावं, तर नुकताच हसलोय. मी पुढच्या पेशंटला आवाज दिला.

पुण्याच्या माणसानं फोनवर सांगितलं : टॉनिक पूर्ण बंद. रोज थोडंच पाणी बदला, एकदम बदलाल तर उरलेली पण मरतील. दिवे, पंप, कशालाच हात लावू नका. रोज टेस्ट करा. टेस्ट म्हणजे नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि निळं पाणी पिवळं व्हायला किती थेंब लागले ते मोजायचं. आठ-नऊ थेंब म्हणजे टाकी ठीक, जास्त थेंब म्हणजे टॉनिक जास्त. आमचे लागले एकोणीस.

मॅडम वैतागल्या. "मामा, रविवारपर्यंत बघते. नाही सुधारलं तर टाकी काढून टाकू. तिथं सोफा ठेवू. पेशंटांना मेलेली पोवळी दाखवून मी काय धीर देणार?"

दुपारी मामांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. "सोफा," ते म्हणाले, "त्याला काय लागतंय? ना चारा, ना पाणी."

आमच्याकडं नळ येतो आठव्या दिवशी. मामा रोज घागरभर पाणी मशिनीतून गाळायचे, त्यात समुद्राचं मीठ मोजून विरघळवायचे. "माणसाला गोड पाणी मिळंना," ते पुटपुटायचे, "अन् आपण आहे त्यात मीठ घालू राहिलो." पाणी टाकीत सोडताना हात मात्र इतका हळू, की मासासुद्धा वळून बघायचा नाही. पोट फुगलेल्या मेंढराचं असंच असतं म्हणे. घाई केली की गेलं.

पण मेंढराच्या डोळ्यांत बघून कळतं. पोवळ्याचे डोळे कुठं शोधायचे? आज भुरी कालच्यापेक्षा बरी की वाईट, यावर आम्हा दोघांचं एकदाही जमलं नाही. मला फुललेली वाटली की त्यांना सुकलेली वाटायची. मग ते जवळ यायचे, मी लांब जायचो, आणि आमच्या मतांची अदलाबदल व्हायची.

बुधवारी सतरा थेंब, गुरुवारी सोळा, शुक्रवारी चौदा. शुक्रवारी संध्याकाळी मॅडमनी कागदावर गणित मांडलं. अकरा टोपणं, तीनशे लिटर, चार वेळा बदललेलं पाणी. उत्तर आलं साधारण आठ थेंब.

"टेस्टचं किटच बिघडलंय," त्या म्हणाल्या. "बघा, तारीख पण मागच्या महिन्यात संपलीय. मामा, उद्या सकाळपासून टॉनिक सुरू करा. नाहीतर उपाशी मरतील."

"पर मॅडम, भुरी अजून..."

"गणित खोटं बोलत नाही, मामा."

गणित खोटं बोलत नव्हतं. त्याला माझी दहा टोपणं कुणी सांगितलीच नव्हती. शनिवारी सकाळी मी आलो तेव्हा मामा टाकीसमोर उभे होते. एका हातात पांढरी बाटली, दुसऱ्यात भरलेलं टोपण.

"काय करू रे?" त्यांनी मला विचारलं. मला! "किट एक सांगतंय, कागद एक सांगतोय, अन् माझं मन तिसरंच. मॅडम शिकलेल्या हायेत. चुकलो तर मीच चुकलो असणार."

टोपण पाण्यावर आलं.

"मामा, नका ओतू. मीपण दिलं होतं."

हात थांबला. "काय?"

"टॉनिक. तुम्ही गावी होता तेव्हा. रोज दोन-दोन टोपणं."

मामांनी टोपण परत बाटलीत ओतलं. एक थेंबही सांडला नाही. झाकण गच्च आवळलं. "म्हंजी किट खरं बोलू राहिलं."

"हो."

"अन् मला पाच दिस मिठाचे बाबा कोण म्हणत होतं?"

मी काचेवरचा एक डाग पुसायला घेतला.

"लेका, मी अडाणी म्हणून चुकलो. तू वाचून चुकला. जा, मॅडमला सांग. म्या नाय सांगणार."

मॅडमच्या खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते. मी सगळं एका दमात सांगितलं. मॅडम हातातला आरसा तसाच धरून माझ्याकडं बघत राहिल्या. गृहस्थांचेही डोळे माझ्याकडं वळले. त्यांना बोलता येत नव्हतं, पण त्यांचं मत चांगलं नसावं.

"दोघांनी?" मॅडम एवढंच म्हणाल्या. मग गृहस्थांना, "चूळ भरा."

बाहेर आलो तर मामा टाकीपाशी स्टूल घेऊन बसलेले. राग शोधला, सापडला नाही. "मेंढरू पोटभर चाटून बाजूला होतंय," ते काचेकडं बघत म्हणाले. "ह्यांनी बाजूला व्हायचं कुठं? हे माझ्या ध्यानातच आलं नाय."

रविवारी दवाखाना बंद. तरी आम्ही दोघं आलो. साडेदहाला मॅडम आल्या, सोबत मोजायची टेप घेतलेला सोफ्यावाला. थेंब तेरा लागले होते. पाच पोवळी पांढरीफटक, ती गेली हे मलाही कळत होतं. बाकीच्यांचं काही सांगता येत नव्हतं.

"थांबा जरा," मामा म्हणाले. त्यांनी लांब नळीतून कोळंबीचा बारीक तुकडा भुरीच्या अंगावर सोडला. तो तिच्या बोटांवर पडून राहिला. आम्ही चौघं बघतोय. सोफ्यावाल्याला कशाकडं बघायचं ते माहीत नव्हतं, तोही बघत होता. काहीच नाही. मग एक बोट वाकलं. मग शेजारचं. तुकडा हळूहळू मध्ये सरकला आणि दिसेनासा झाला.

"चरली," मामा म्हणाले.

मॅडम वाकून बघत होत्या. "पण चौदातली पाच गेली, मामा."

"नऊ हायेत."

"पाच गेली म्हणतेय मी."

"मॅडम, कळप मोजताना जितं मोजायचं असतं. मेलेलं मोजत बसलं तर माणूस दुसऱ्या दिशी रानात जाणारच नाय."

मॅडम सरळ झाल्या. मामांकडं बघितलं, माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं.

"मॅडम, कोणती भिंत?" सोफ्यावाल्यानं टेप उघडून विचारलं.

"ही समोरची," त्या म्हणाल्या. समोरच्या भिंतीला माझं काउंटर होतं.

आता टाकी तिथंच आहे, माझ्या काउंटरच्या जागी सोफा आलाय आणि मी कोपऱ्यात, टाकी दिसेल असा बसतो. थेंब आठवर यायला आणखी दहा दिवस लागले, तेव्हा कुठं टॉनिक पुन्हा सुरू झालं. बाटली मॅडमच्या ड्रॉवरमध्ये कुलपात असते. तशी ठेवायला मामांनीच लावली.

"मामा," मी म्हटलं, "माझ्यावर भरवसा नाही का?"

"हाये की," मामा म्हणाले. "जेवढा माझ्यावर हाये, तेवढाच."