न सांगितलेला आकडा

पळसदरीला आमच्याकडे लाईट गेली की इन्व्हर्टर तासभर तग धरतो, इंटरनेट तेवढंही नाही. मग लॅपटॉप पाठीला लावून धरणाकडच्या चढावर जायचं, तिथे मोबाईलला रेंज मिळते. त्या दिवशी सकाळी साडेदहाला मी त्या चढावरच होतो. जे झालं ते माझ्यामुळे झालं. एवढं वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली.

कामाबद्दल थोडं सांगायला हवं. आमची कंपनी तपासण्यांचे रिपोर्ट प्रयोगशाळांकडून इस्पितळांपर्यंत पोचवते. हे एक मोठा प्रोग्राम करत नाही. जावा भाषेत लिहिलेल्या पंधरा-सोळा लहान सर्व्हिसेस करतात, वेगवेगळ्या सर्व्हरवर, एकमेकींना विचारत. एक पेशंटची माहिती देते, एक रिपोर्ट शोधते, एक डॉक्टरांच्या फोनवर पाठवते. भार वाटून घ्यायला प्रत्येकीच्या तीन-चार कॉपी एकाच वेळी चालू असतात. एकीने उत्तर दिलं नाही तर विचारणारी जरा थांबते, पुन्हा विचारते, आणि तीनदा विचारून गप्प बसते. त्यातलं थांबणं महत्त्वाचं. समोरची दमली असेल तर तेवढ्यात ती सावरते.

आदल्या वर्षी काही रिपोर्ट पोचेनासे झाले होते, इस्पितळं ओरडत होती. मी तीनच्या जागी पंधरा वेळा विचारायचं असं केलं आणि मधलं थांबणं काढून टाकलं. रीतसर करायचं तर फॉर्म भरा, दोघांची मंजुरी घ्या, दोन दिवस. मी एकेका सर्व्हरवर शिरून, सर्व्हिस सुरू करायच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ हातानेच टाकली. आमच्या सामायिक कोडमध्ये ती कुठेच नव्हती, म्हणजे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. म्हटलं, सोमवारी काढू. पण तक्रारी थांबल्या, साहेब म्हणाले, जादू केलीस. मग सोमवारी कोण काढतो?

आमच्या टीममध्ये मोहोपाड्याची एक जण होती. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, दोन मुलांनंतर नोकरीत परतलेली, कंत्राटावर. नवरा तिथल्याच एका केमिकल कारखान्यात पाळीवर. मीटिंगमध्ये आम्ही दोघंही पुस्तकी बोलायचो. फोनवर मात्र ती गावचं बोलायची, आणि मीही.

त्या सकाळी तिचा फोन आला.

"दादा, पेशंटवाल्या सर्व्हिसच्या चारी कॉपी रिस्टार्ट करायच्या हायेत. एकेक करून करते."

"कर की. वहीत लिवलंयस ना?"

"लिवलंय तर. एक बंद करायची, उभी राह्यली का बघायचं, धा मिनिटं थांबायचं, मग दुसरी. अजून काय ध्यानात ठेवायचं?"

"काय नाय गं. तू तर मलाच शिकवशील."

"हां, तेवढं साहेबांना सांगा जरा," म्हणाली आणि हसली.

ती ओळ मी तेव्हा विसरलो होतो की सांगायची टाळली? खरं सांगतो, मला आजही नक्की ठरवता येत नाही. ती ओळ आहे हे सांगायचं तर ती का आहे तेही सांगावं लागलं असतं.

पहिल्या दोन कॉपी निभावल्या. तिसरी बंद केली तोवर इस्पितळांच्या ओपीडी भरल्या होत्या. मागणी चारऐवजी तीन कॉप्यांवर आली, त्यांची उत्तरं रेंगाळली, आणि माझ्या आकड्यामुळे प्रत्येक प्रश्न न थांबता पंधरा वेळा येऊन आदळला. तिन्ही कॉपी आडव्या झाल्या. त्यांच्यामागून बाकीच्या सर्व्हिसेस. दुपारी दोनपर्यंत एकाही डॉक्टरला रिपोर्ट दिसत नव्हता.

मी चढावरून थ्रेड डंप घेतला. प्रोग्राम अडकला त्या क्षणी त्याच्या आत चाललेलं प्रत्येक काम कुठे उभं होतं, त्याची ती यादी असते. दोनशे कामं, आणि दोनशेच्या दोनशे एकाच जागी, पुन्हा विचारत. मी लगेच ओळखलं. सगळ्या सर्व्हरवरची मी टाकलेली ओळ पुसली, सर्व्हिसेस सुरू केल्या. वीस मिनिटांत सगळं शांत झालं. ग्रुपवर माझ्यासाठी टाळ्यांची चित्रं आली.

चारच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, नेमकं काय झालं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "सर, बहुतेक माझी चूक आहे. तिसरी कॉपी बंद करताना मी घाई केली असेल."

असेल, म्हणाली. खात्री नव्हती म्हणून प्रामाणिकपणे म्हणाली. माझा माईक बंद होता. तो चालू करायला एक बोट लागतं. मी ते हलवलं नाही. नंतर अहवालही मीच लिहिला: 'रिस्टार्टच्या टप्प्यांमध्ये पुरेसं अंतर राहिलं नसावं.' 'नसावं' लिहून तिला सांभाळून घेतलं, असंही मनाशी म्हणालो. पुढच्या महिन्यात तिचं कंत्राट वाढवलं नाही.

मी कामावर जातच राहिलो. तेव्हाचे लॉग, म्हणजे सर्व्हिसेसनी वेळेसकट ठेवलेल्या नोंदी, आणि तो डंप मात्र माझ्याकडे ठेवले होते. कशासाठी, ते स्वतःला विचारलं नाही.

यंदा ओळखीच्या एका कंपनीत तिच्याजोगं काम निघालं. मन हलकं करायला मी तिला फोन लावला. तिने ऐकून घेतलं.

"नको दादा. माझ्या हाताचा भरवसा नाय आता. लोकांच्या आजारपणाचं काम, उगा माझ्यामुळं कुणाचं काय व्हायला नको. इथं शिकवण्या घेते, बरंय."

नोकरी गेली एवढंच मी इतकी वर्षं धरून बसलो होतो. माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास माझ्यामुळे गेला, हे तेव्हा कळलं.

रविवारी मोटरसायकल काढून चौक गावावरून मोहोपाड्याला गेलो. दार तिच्या सासूबाईंनी उघडलं. "हेच का गं तुझे ते साहेब? बसा, बसा. तुमी सांभाळून लिवलंत म्हणून निभावलं, नायतर हिला केस-बिस लावली असती म्हणे." आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी चहा यायच्या आधीच सांगून टाकलं. ओळ कधी टाकली, का टाकली, कधी पुसली, माईक, अहवाल. लॅपटॉप उघडून डंप तिच्यापुढे ठेवला. ती बराच वेळ बोट फिरवत वाचत राहिली. तीन वर्षांनी वाचत होती, पण थांबायचं तिथेच थांबत होती.

"म्हंजे तुमाला त्याच दिवशी ठाऊक होतं."

"हो."

"मी विचारलं होतं तुमाला. अजून काय ध्यानात ठेवू म्हणून."

"हो."

सासूबाई चहा घेऊन आल्या, आमच्या तोंडाकडे पाहून कप ठेवून परत गेल्या.

"ऑफिसला कळवलंत?"

पत्र लिहून तयार होतं, पाठवलं नव्हतं. "आधी तुला सांगावं म्हटलं."

"मला सांगून काय? मी म्हणावं, जाऊ दे दादा, झालं गेलं, आन् तुमी घरी जावं. असंच ना?"

असंच होतं. मोटरसायकलवर सगळ्या वाटेने मी तिच्या तोंडून तेच ऐकत आलो होतो. मी तिथेच बसून पत्र पाठवलं, त्या मीटिंगमधल्या प्रत्येकाला, आणि तिलाही. ती पाठवल्याची खूण दिसेपर्यंत पडद्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "चहा गार झाला. राहू दे तो."

सोमवारी साहेबांचा फोन आला. आता हे उकरायची काय गरज होती, तू जुना माणूस, तुला तरी कळायला हवं होतं. बुधवारी माझा सर्व्हरवर शिरायचा अधिकार काढून घेतला. चौकशी चालू आहे. घरी बायकोला सांगितलं. 

मोहोपाड्याहून चार दिवस काही नाही. मग एक संदेश: 'त्या दिवसाचे सगळे लॉग पाठवा. तुम्ही निवडलेले नकोत. मी स्वतः वाचीन.' मी पूर्ण फाईल पाठवली, हजारो ओळी.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं: 'दुसरी कॉपी उभी राहिल्यापासून तिसरी बंद करेपर्यंत अकरा मिनिटं आहेत. मी घाई केली नव्हती. हे तुमच्या पत्रात नाही. पुन्हा पत्र लिहा, आणि हे त्यात घाला.'

फाईल तीन वर्षं माझ्याकडे होती. माझा आकडा मी त्या फाईलीत कितीदा तरी पाहिला होता. तिची मिनिटं मी एकदाही मोजली नव्हती. दुसरं पत्र लिहायला बसलो.