अलिंग रोसेन्दाची मान

ल्युपस असून चरबीचा रिपोर्ट नॉर्मल आला, की तुम्हीही डुकराची कुरकुरीत कातडी मागवता ना? खरं बोला! आमच्या फिलिपिन्समधल्या लेमेरीच्या बाजारात मासे तळणाऱ्या रोसेन्दाबाईंनी तेच केलं; थोरल्या बाईच्या नावाआधी आम्ही मानानं 'अलिंग' लावतो. गालांवर ल्युपसचे, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं त्या आजाराचे, लाल चट्टे, उन्हासाठी टोपलीएवढी टोपी, आणि तोंड असं की गिऱ्हाईक भाव करायलाच विसरतं.

नव्या डॉक्टरबाईंना मात्र तेवढा रिपोर्ट पुरला नाही. रक्तातल्या आणखी खुणा तपासून त्या म्हणाल्या, "अलिंग रोसेन्दा, चांगलं कोलेस्टेरॉल एरवी रक्ताच्या नळ्या साफ ठेवतं. तुमचं फितूर झालंय. ल्युपसची सूजही आहे. शुक्रवारी सोनोग्राफीचं मशीन येतंय, मानेची उगात बघून घेऊ."

तिथंच घोळ झाला. आमच्या तगालोग भाषेत उगात म्हणजे झाडाचं मूळ, रक्तवाहिनी आणि आखडणारी शीरसुद्धा. रोसेन्दाबाईंना नेमकी शीर ऐकू आली. शुक्रवारी त्या दवाखान्यात न जाता मालिश करणाऱ्या म्हाताऱ्या लोला इब्यांगच्या (लोला म्हणजे आजी) चटईवर पालथ्या पडल्या.

ल्युपसवाल्यांच्या संघटनेची मी पुढारी. निवडून कुणी दिलं नाही, पण हटवायची हिंमतही कुणाला नाही. बातमी कळताच धावले. इब्यांगचे तेलकट अंगठे मानेवर टेकतच होते.

"लोला, हात काढा!"

"का गं? गाठ लागतेय. चेपली की सुटेल."

"आखडलेली शीर नाही ती, रक्ताची नळी आहे! आत चरबी साचली असेल आणि तुकडा सुटला, तर थेट मेंदूत जाईल. तुमच्याच चटईवर अर्धांग व्हायचं!"

रोसेन्दाबाई पालथ्याच ओरडल्या, "लुविमिन, मी मेल्यावर भांड! उगात ती उगात."

"मग पाणी घाला, पालवी फुटेल!"

इब्यांगनं हात वर केले. रोसेन्दाबाई काही हलेनात. "सोनोग्राफी पोटुशींची असते. मी विधवा बाई. बाजार काय म्हणेल?"

"म्हणेल, रोसेन्दा अजून तरुण आहे."

त्या उठल्या. वर केसही विंचरले.

दवाखान्याच्या बाकावर एका पोटुशीनं सरकून जागा दिली. "कितवा महिना, अलिंग रोसेन्दा?"

"विचारू नकोस. नवरा गेल्यानंतरचं आहे."

मशीननं मानेतल्या नळीच्या भिंतीवर चरबीचा थर दाखवला. लहान, पण होता. डॉक्टरबाईंनी गोळी सुरू केली, रक्तदाबावर लक्ष ठेवायला सांगितलं, डुकराची कातडी बंद केली.

"आणि लोलानं दाबलं असतं तर?" रोसेन्दाबाईंनी हळूच विचारलं.

"जोखीम होती," डॉक्टरबाई म्हणाल्या.

दवाखान्याच्या दारात रोसेन्दाबाईंनी टोपी डोक्यावर चढवली. मग माझ्यावरच खेकसल्या, "एवढं सगळं होतं, तर आधी का नाही ओरडलीस?"

आता ओरडते. ल्युपस असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, "माझ्या रक्तवाहिन्यांचं काय?" आणि तुमच्या भाषेत नीट समजेल असं उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.