घरात वारा यावा म्हणून

धाराशिवला आम्ही भाड्यानं राहायचो ते घर एका रांगेतलं होतं. पुढं बैठक, तिच्यामागं स्वयंपाकघर, त्यामागं झोपायची खोली आणि शेवटी न्हाणी. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या. खिडकी रस्त्याकडची एकच, आणि तीही धुळीमुळं बहुतेक वेळ बंद. सकाळी दिलेल्या फोडणीचा वास रात्री अंथरुणाला यायचा. पावसाळ्यात भिंतींना धरलेली ओल दिवाळीपर्यंत हटायची नाही.

माझ्या मुलीला त्याच घरात दम लागायला लागला. डॉक्टरांनी दम्याचा पंप लिहून दिला आणि विचारलं, "घरात हवा कुठून येते? आणि बाहेर कुठून जाते?" पुढच्या दारातून येते एवढं मी सांगितलं. बाहेर जायला मात्र कुठं वाटच नव्हती.

म्हणून स्वतःचं घर बांधायला घेतलं तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं होतं. प्लॉट लहानच होता. मिस्त्रीनं चुन्याची फक्की टाकून खोल्या आखल्या, त्या या हद्दीपासून त्या हद्दीपर्यंत, पुन्हा तशाच एकामागं एक. मी म्हणाले, "मागं थोडी जागा सोडा. आणि मधोमध चौक ठेवा, वरून उघडा. स्वयंपाकघराची आणि झोपायच्या खोलीची खिडकी त्या चौकात निघू द्या."

सासरे बांधकामासाठी मुरुम गावाहून आमच्याकडं येऊन राहिले होते. ते हसले. "अगं, जागा मोकळी सोडायला हे काय रान हाय का? तुझ्या वाऱ्यापायी एक खोली जाती की!"

"एक्झॉस्ट फॅन बसवू," नवरा म्हणाला.

"आणि त्याचं तोंड कुठं काढायचं? शेजाऱ्यांच्या भिंतीत?"

आखणी मात्र बदलली नाही.

त्या रविवारी मी मुलीला मैत्रिणीकडं पाठवलं आणि नवऱ्याची आणि सासऱ्यांची पानं भाड्याच्या घरातल्या स्वयंपाकघरातच मांडली. एरवी ते बैठकीत, दार उघडं टाकून जेवायचे. मी पुढचं दार, एरवी दिवसभर धुळीमुळं असतं तसं, लोटून घेतलं, तवा तापवला आणि ठेच्यासाठी हिरव्या मिरच्या भाजायला टाकल्या. थोड्याच वेळात नवरा खोकायला लागला. सासऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते ताटावरून उठून बाहेरच गेले.

"मारतीस का आम्हाला?"

मी पदरानं तोंड पुसत मागोमाग गेले. आजवर त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलले नव्हते. "मामा, तुम्ही एक घास खाऊन उठलात. पोरीला घेऊन मी याच हवेत राहते, रोज. नव्या घरात मी हे चालू देणार न्हाय."

ते उपरण्यानं डोळे पुसत राहिले. परत ताटावर बसले नाहीत. माझं चुकलं की काय, असं मनात येऊन गेलं; पण मी शब्द मागं घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी प्लॉटवर गेले तर ते मिस्त्रीला सांगत होते, "मधी चौकाला जागा सोड. जाळी मात्र जाड बसव, वांदरं लई येतात इकडं." माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

घर झालं. खोल्या लहान झाल्या, कपाट कुठं ठेवायचं यावरून अजून कुरकुर होते. उन्हाळ्यात चौकात फुफाटा पडतो, तो मी दिवसातून दोनदा झाडते. पण धूर वर निघून जातो आणि ओल धरत नाही. मुलीचा पंप सुटलेला नाही. थंडीत लागतो, एरवी क्वचित.

आता पश्चिमेच्या प्लॉटवर पाया खणलाय, अगदी हद्दीला लागून. मी तिथल्या बाईंना जाऊन भेटले. म्हणाले, "ताई, आमच्यासाठी नको, तुमच्या स्वयंपाकघरासाठी जागा सोडा."

"यांना विचारून बघते," त्या म्हणाल्या.

"ते घरी असतील तेव्हा सांगा," मी म्हणाले, "मीच येऊन बोलते."