ब्राऊनवरचे पाय

"पोतं ओढ," धाकटे साहेब म्हणाले.

त्यांच्या हातात पटर होता, चेंडू भोकाकडे ढकलायची काठी. माझ्याही हातात पटर होता. त्यांच्या पाठीवर नंबर लावला होता, तसा माझ्या सदऱ्यावरही होता, टाचण्यांनी टोचलेला. त्या दिवशी मी त्यांच्या काठ्यांची बॅग वाहणारा कॅडी नव्हतो, त्यांच्याविरुद्ध खेळत होतो. त्यांची बॅग माझ्या सिद्राममामांकडे होती. पोतंही मामांच्याच हातात होतं. मामा पुढे झाले तर साहेब म्हणाले, "सिद्राम, तू नको. ह्याच्या हातची वाट सरळ येते."

आणि मी ओढलं.

हे पोतं काय ते सांगायला हवं. गोल्फमध्ये चेंडू शेवटी ज्या भोकात घालायचा, त्याच्याभोवती म्हणे मखमली हिरवळ असते. आमच्या सोलापुरात हिरवळ कुठून आणायची? प्यायला पाणी नाही. मग वाळूत गाड्यांचं जळकं ऑइल कालवून गोल थापायचे. त्याला ब्राऊन म्हणायचे. त्या वाळूत पाय उमटतात, चेंडू अडखळतो. म्हणून साहेब मारायच्या आधी कॅडीने गोणपाट ओढत भोकापासून चेंडूपर्यंत गुळगुळीत वाट करून द्यायची. तुम्ही पुढे चालता, पोतं मागून येतं आणि तुमचेच पाय पुसत जातं. वाट तयार होते. कुणी केली, त्याची खूण राहत नाही. कितीतरी वर्षं मी हेच काम केलं.

साहेबांचा चेंडू माझ्या वाटेवरून सरळ जाऊन भोकात पडला. मग माझी पाळी आली. मामा पोतं घेऊन माझ्या चेंडूकडे निघाले.

"राहू दे सिद्राम," साहेब म्हणाले. "त्याला सवय आहे."

मी त्यांच्या बुटांच्या खड्ड्यांतून चेंडू मारला. तो वाकडा गेला. साहेब पुढच्या होलकडे चालू लागले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, कुचेष्टाही नव्हती. तेच जास्त लागलं.

मुळात मी त्या मैदानावर कॅडी झालो, ते आमची मेंढरं गेली म्हणून. आम्ही धनगर. शहराबाहेर मंद्रूपच्या रस्त्याला जो माळ, तिथे आमच्या आप्पांचा कळप चरायचा. गिरणीच्या साहेबांनी, म्हणजे धाकट्या साहेबांच्या वडिलांनी, तो माळ घेतला, तारा ठोकल्या आणि गोल्फचं मैदान केलं. बहात्तरच्या दुष्काळात उरलेली मेंढरंही विकावी लागली. मामा तिथे आधीच कामाला होते, त्यांनी मला चिकटवलं. ज्या माळावर माझं लहानपण गेलं, तिथेच मी दुसऱ्याची बॅग घेऊन फिरायला लागलो. लग्न झालं, पोरगी झाली, तरी बॅग खांद्यावरच.

खेळ मात्र मला लागला. खरंच लागला. सोमवारी मैदान बंद असायचं. टाकून दिलेल्या, दांडा तुटलेल्या काठ्या मी तारेने बांधून घेतल्या होत्या. भर उन्हात एकटाच मारत बसायचो. चेंडू नीट लागला की हाताला काही जाणवतच नाही, नुसता आवाज येतो. त्या आवाजासाठी मी जेवण विसरायचो. बायको म्हणायची, "याड लागलंय तुमाला." लागलंच होतं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. देशोदेशींच्या सगळ्या खेळांची जी मोठी स्पर्धा भरते, ती पुढच्या खेपेला दिल्लीत होणार आणि तिथे गोल्फही घेणार, पुरुषांचं एकेरी, अशी बोलवा मैदानावर आली. त्याच्या तयारीचं शिबिर पुण्यात होतं. आमच्या क्लबने एक नाव पाठवायचं होतं. सेक्रेटरीसाहेबांनी मला बोलावलं. "धाकट्या साहेबांबरोबर चाचणीत खेळशील का?"

मी घरी पळत गेलो. एवढा मोठा बाप्या रस्त्याने पळतोय म्हणून लोक बघत राहिले. मला देशासाठी बिशासाठी काही वाटत नव्हतं, खोटं कशाला सांगू. मला फक्त एकदा माझी बॅग माझ्यासाठी घेऊन चालायचं होतं. तेवढंच हवं होतं, आणि ते मला फार हवं होतं.

त्या दिवशी सुरुवातीलाच फजिती झाली. दोघांचे पहिले फटके झाले आणि मी सवयीने साहेबांची बॅग खांद्याला लावून चालू लागलो. माझ्या सुतळीने बांधलेल्या काठ्या तिथेच पडून राहिल्या. सेक्रेटरीसाहेब व्हरांड्यातून ओरडले, "अरे, आज तू प्लेअर आहेस!" सगळे हसले. मीपण हसलो. त्या हसण्याची चीड अजून गेलेली नाही.

नंतर प्रत्येक ब्राऊनवर तेच. साहेब बोट दाखवायचे, मी ओढायचो. माझ्यासाठी कुणी ओढायचं नाही. मीच माझी वाट करून घ्यायला वाकलो की साहेब घड्याळ बघायचे. मग मी तेही सोडलं. दमलो होतो. खेळून नव्हे. खेळून मी कधी दमलो नाही. आता पुढच्या ब्राऊनवर परत वाकायचंय, ह्या विचाराने पाय जड व्हायचे. तरी लांबचे फटके माझे चांगले लागत होते, त्यामुळे शेवटच्या होलला आलो तेव्हा आम्ही बरोबरीत होतो.

दोघांचे चेंडू ब्राऊनवर. आधी साहेबांनी मारायचं. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "पोतं."

"मामा हायत की," मी म्हणालो.

"तू ओढ."

"न्हाय. आज मी खेळतोय."

असं काही बोलायचं मी ठरवलं नव्हतं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. साहेबांनी मान वर केली. मामा पोतं घेऊन धावले. घाईत वाट नागमोडी आली. साहेबांचा चेंडू भोकाच्या बाजूने निघून गेला.

माझी पाळी आली. पोतं तिथेच पडलं होतं. त्याला हात लावायची इच्छाच उरली नव्हती. मी अनवाणी ब्राऊनवर चालत गेलो. माझे पाय ऑइलच्या वाळूत उमटले, अंगठ्यासकट, आणि पहिल्यांदा ते मागे तसेच राहिले. मी मारलं. चेंडू खड्ड्यात अडखळला, उडाला, भोकाच्या काठाशी रेंगाळला आणि आत पडला.

मी जिंकलो. टाळी कुणी वाजवली नाही.

संध्याकाळी सेक्रेटरीसाहेबांनी ऑफिसात बोलावलं. मी उभा, ते बसलेले.

"छान खेळलास. पण नाव धाकट्या साहेबांचंच जाणार."

"जिकलो तर मी, साहेब."

"अरे, ही स्पर्धा हौशी खेळाडूंची असते. तू मैदानावर मजुरी घेतोस. तू हौशी कसा होशील? नियम आहे तसा."

"मंग मला खेळवलं कशापायी?"

"त्यांना सराव नको? एकट्याची चाचणी कशी होणार?" हे त्यांनी अगदी सरळपणे सांगितलं. मग म्हणाले, "तू चल की त्यांच्याबरोबर. पुण्याला, आणि निवड झाली तर दिल्लीलाही. बॅग तुझ्याकडेच राहील. बूट देतो तुला. तिथे अनवाणी चालत नाही."

हौशी. ज्याला पोटासाठी राबावं लागत नाही तो हौशी. सोमवारी उन्हात मी जे करत होतो त्याला काय म्हणायचं, हे त्यांच्या नियमात नव्हतं. तारा ओलांडून घरी आलो तेव्हा डोकं बधिर झालं होतं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "जा की मंग. बॅग तर उचलायची हाय. दिल्ली बघून येशील. मानसं मोठी हायत, लई ताणू नगं." आप्पांवर मला राग आला नाही. माळ गेला तेव्हाही ते असंच बोलले होते. माणूस थकला की असं बोलतो. मीही तितकाच थकलो होतो. हो म्हणून झोपी जावं, असं खरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्राममामा घरी आले. हातात कॅनव्हासचे नवे पांढरे बूट.

"शिक्रेटरी सायबांनी धाडलंत. घालून बघ की."

मी पाय घातला. बरोबर बसला. जन्मात मी बूट घातले नव्हते, माझं माप कुणाला माहीत?

"माप कुटनं घेतलं, मामा?"

"बरावनवर तुजं पाय उमटलं हुतं की. सुतळी लावून घेतलं."

"मंग?"

"मंग काय? सायेब म्हनलं, आता पुसून टाक."

"पुसलंत?"

"व्हय. पोतं वडलं की."

मामा खाली बघत होते. माझ्या आयुष्यात मी एकदाच माझे पाय मागे ठेवले होते. त्यांनी त्याचं नोकराच्या बुटाचं माप केलं आणि उरलेलं पुसलं, तेही माझ्याच मामाच्या हातून. माझा थकवा तिथे संपला नाही. पण हो म्हणायची इच्छा संपली.

मी बूट काढले, झटकले, मामांच्या हातात दिले.

"धाकट्या सायबांना सांगा, बॅग उचलायला येत न्हाय. पोतं वडायला येत न्हाय. खेळायला बोलवा, येतो. तवा माजं पोतं मी वडीन, त्यांचं त्यांनी वडावं."

"अरं लेकरू हाय तुला," मामा म्हणाले. "खाशील काय?"

उंबऱ्यात आप्पा, आत बायको, तिच्या कडेवर पोरगी. सगळे माझ्याकडे बघत होते. उद्या काय करणार हे मला माहीत नव्हतं. काय करणार नाही, ते माहीत होतं.