शनी, गीझर आणि वन्सं

टाचणीबाईंच्या ओठांत दिवसभर टाचण्या असतात, त्यामुळे त्या बोलतात कमी आणि हुंकारतात जास्त. गिऱ्हाईक म्हणालं, कंबर जरा सैल ठेवा, की "हूं". नवरा म्हणाला, जेवायला चल, तरी "हूं". पण दिवस मावळला की बाईंच्या अंगात येतं. मशीनवर झाकण पडतं आणि मागच्या अंगणात दुर्बीण उभी राहते.

दुर्बिणीला कॅमेरा लावून बाई ग्रहांचे फोटो काढतात. एकदा बटण दाबलं आणि झालं, असं नसतं हो ते. तीन मिनिटं व्हिडिओ घ्यायचा, त्यातली हजारो चित्रं चाळायची, हललेली फेकायची आणि धड निघालेली एकावर एक रचायची. तेवढी चिकाटी बाईंकडे आहे. फक्त दुर्बिणीसमोरची हवा शांत हवी. गरम हवेचा झोत आला की ग्रह थरथरलाच.

म्हणून फोटोच्या दिवशी घरात पाचनंतर गॅस पेटत नाही. नवरा निवृत्त बसड्रायव्हर, आता हौशी आचारी. बिचारा चारलाच स्वयंपाक उरकतो आणि रात्री गार जेवतो. "लोकांच्या मागे शनी लागतो," तो गिऱ्हाइकांना सांगतो, "आमच्याकडे बायकोच शनीच्या मागे लागलीय."

आकाशप्रेमींचं एक मंडळ दरवर्षी कॅलेंडर काढतं. त्यात आपला एक फोटो यावा, एवढंच बाईंचं मागणं. पाच वर्षं नापास. गेल्या खेपेला मंडळाच्या सचिवांनी लिहिलं होतं, "गुरू चांगला आहे, पण जरा बटणासारखा दिसतो." शिवणवालीला बटण म्हणायचं म्हणजे बघा. बाई चार दिवस हुंकारल्यासुद्धा नाहीत.

यंदाची मुदत उद्या संपणार होती. आठ दिवस ढगांनी खाल्ले होते आणि आज आभाळ लख्ख. दिवेलागणीला शनी दिसणार आणि पाऊण तासात शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीमागे जाणार.

नेमक्या आजच वन्सं आल्या. नवऱ्याची थोरली बहीण. तीस वर्षांत त्यांना या घरात "थांबा" म्हणून अडवायची कुणाची हिंमत झालेली नाही.

शनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर आला, कडं कसं रेखीव. बाईंनी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि शनी जेलीसारखा डुलायला लागला. स्वयंपाकाचा गॅस तर बंद होता. बाईंनी मान वळवली. न्हाणीघराच्या भिंतीतून गॅसच्या गीझरचं नळकांडं अंगणात निघालं होतं, आणि ते गरम हवा सोडत फुरफुरत होतं.

"अहो, आत कोण आहे?"

"ताई. प्रवासाचा शीण घालवतेय."

"गीझर बंद करायला सांगा."

"मी? तू सांग. तुझा शनी आहे."

शनीपासून टाकी आता हातभर लांब होती. बाईंनी दार ठोठावलं.

"वन्सं, गरम पाणी बंद करा."

"का गं, आग लागली?"

"नाही. शनी हलतोय."

"हलू दे की. मला साबण लागलाय."

बाईंनी बाहेरूनच सिलेंडरची कळ फिरवली. आतून जे शब्द आले, ते ऐकून नवरा हळूच कोठीघरात शिरला.

वन्सं डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आल्या, कानामागे फेस तसाच. "कुठाय तो? ज्याच्यापायी मला अर्धी धुतलेली बाहेर काढलीस, त्याचं तोंड तरी बघू दे."

"बघा. पण बोलू नका आणि हलू नका. फरशी हादरते."

वन्संनी पडद्यात डोकावलं. तेवढ्यात हवा निवली होती. शनी जागच्या जागी थांबला आणि वन्संही. पूर्ण तीन मिनिटं. नवरा कोठीघराच्या दारातून आळीपाळीनं घड्याळाकडे आणि बहिणीकडे बघत राहिला.

मग टाकीनं शनी गिळला.

"एवढासाच?" वन्सं म्हणाल्या. "पण रेखीव आहे हो मेला."

फोटो निवडला गेला, नोव्हेंबरच्या पानावर. वन्संनी कॅलेंडरच्या सात प्रती मागवल्या. स्वतःच्या घरच्या भिंतीवर लावलेल्या प्रतीत त्यांनी फोटोखाली पेनानं लिहून ठेवलंय: "छायाचित्र: माझी भावजय. गार पाणी: मी."