आत्याचा आहेर

म्वांझाच्या आखातात या काठाहून त्या काठाला माणसं, गाई आणि लॉऱ्या नेणाऱ्या फेरीबोटीवर लिमी तिकिटं तपासते. आवाज खणखणीत, अंगाने भरभक्कम. रांगेत कुणी पुढे घुसलं तर ती नुसती भुवई वर करते, घुसणारा आपसूक मागे सरतो. तिकिटं झाली की पलीकडचा काठ लागेपर्यंत तिच्या हाती वीसेक मिनिटं उरतात. चाळिशीपर्यंत ती वीस मिनिटं तिने भाजक्या शेंगा खाण्यात आणि खलाशांची टिंगल करण्यात घालवली.

शाळा चौथीत सुटली होती. आई आजारी पडली, गुरांमागे जायला दुसरं कुणी नव्हतं. अक्षरओळख होती, पण घरात वाचण्याजोगं काही नसायचं. म्हणून लिमी शेंगांच्या पुडीचा कागद उलगडून त्यावरची फाटकी बातमी वाचत बसायची. रोज बोटीने जाणारे बालेले मास्तर ते बघत असत. एके दिवशी उतरताना त्यांनी तिच्या हातात एक पुस्तक ठेवलं.

"परत कधी देऊ, मास्तर?"

"द्यायचं नाही. भेट आहे. रोज अर्धीच बातमी वाचतेस, मला बघवत नाही."

ते पुस्तक संपायला पाच महिने लागले. संपलं तेव्हा लिमीला रागच आला, एवढ्यात कसं संपलं म्हणून! नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तिने खलाशांच्या खोलीतल्या लोखंडी भिंतीवर खडूने लिहिलं : 'लिमी. यंदा पुस्तकं बारा.'

तिचा नवरा न्गासा त्याच बोटीच्या इंजिनावर होता. तो हात पुसत येऊन उभा राहिला. "बारा? अगं, लग्नाआधी मी तुला एक चिठ्ठी धाडली होती, ती वाचायला तुला आठवडा लागला."

"वाचायला नाही, तुझं अक्षर लावायला लागला."

खलाशी हसले. न्गासाही हसला.

वर्षअखेरीस सात झाली. तिने स्वतःच भिंतीवर सात लिहिलं. "पुसून टाक की," न्गासा म्हणाला, "लोक चिडवतात."

"चिडवू देत. सात वाचलीत, चोरली नाहीत."

पुढच्या वर्षी अकरा झाली, त्याच्या पुढच्या वर्षी तेरा. बसस्टँडजवळ फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणारा माणूस तिच्यासाठी जाड जाड स्वाहिली कादंबऱ्या बाजूला काढून ठेवू लागला. आणि लिमीला एक खोड लागली. कुणाकडे बारसं असो, कुणी परीक्षा पास होवो, ती आहेरात पुस्तकच द्यायची. लोक चेहरा पाडून घ्यायचे. लिमीवर काही परिणाम नाही.

मग भावाच्या मुलीचं, म्बुकेचं लग्न ठरलं. लग्नाआधीची बायकांची किचन पार्टी म्हणजे मोठाच थाट. प्रत्येकीने भांडं डोक्यावर घेऊन नाचत यायचं, माइकवर त्या भांड्याचे गुण सांगायचे आणि नवरीला चार उपदेश करायचे. शेवटचा मान आत्याचा. आत्याचा आहेर सगळ्यांत भारी, हे ठरलेलंच. म्बुकेने गॅसच्या शेगडीबद्दल दोनदा सुचवूनही ठेवलं होतं.

पातेली झाली, थर्मास झाले, मक्याच्या पिठाची घट्ट उगाली घोटायचे लाकडी डाव झाले. मग लिमी उठली. डोक्यावर कोऱ्या कांग्यात, बायका कमरेला गुंडाळतात त्या रंगीत कापडात, बांधलेलं काहीतरी घेऊन, कंबर हलवत, ढोलाच्या तालावर अशी काही आली की बायकांनी किलकारीने मांडव डोक्यावर घेतला. तिने कांगा सोडला. आत पुस्तक.

किलकारी थांबली. म्बुकेने मान खाली घातली. सूत्रसंचालन करणारी बाई माइकवर म्हणाली, "लिमीताई, हे उकडायचं की तळायचं?"

मांडवभर हशा. लिमीने तो पुरता संपू दिला, मग माइक हातात घेतला.

"भांडी तुम्ही सगळ्यांनी दिलीत, पोरीला स्वयंपाकाला काही कमी पडायचं नाही. पण स्वयंपाक उरकल्यावर ती काय करणार, याचा विचार कुणी केलाय? मी तिची आत्या. उपदेश करायचा हक्क माझा. माझा उपदेश एवढाच, की वर्षातून सहा वाच. आता पहिलं पान ऐका."

आणि तिने वाचायला घेतलं. गोष्टीतली विधवा तेराव्या दिवशी नवऱ्याची पेटी उघडते. पेटीत बुटांचा एक जोड निघतो. नवऱ्याच्या मापाचा नाही, लहान मुलाचा; आणि त्या घरात तर मूलच नाही.

पंख्याने वारा घेणारे हात थांबले. पान संपलं तसं लिमीने पुस्तक मिटलं.

"अहो, पण बूट कुणाचे?" मागून एक म्हातारी ओरडली.

"ते आता नवरीला विचारायचं. पुस्तक तिचं आहे."

म्बुके मात्र रुसली ती रुसलीच. लग्न होऊन आखातापलीकडे सासरी गेली, तिथे तिने पुस्तक पातेल्यांच्या खोक्याखाली सारून दिलं. दोन महिने आत्याला फोनसुद्धा केला नाही. लिमी न्गासाला म्हणाली, "रुसू दे. पुस्तक नासत नाही."

पण पार्टीला आलेल्या बायका तिकडच्या बाजारातही येत-जात होत्या. एक मासे घेताना विचारायची, "बूट कुणाचे गं?" दुसरी नळावर गाठायची. एकदा तर सासूनेच विचारलं, तिच्या कानावरही त्या पेटीची गोष्ट गेली होती. "बघते" म्हणून म्हणून म्बुके कंटाळली. शेवटी सासूच्या तगाद्याने तिने खोकं उचललं आणि दुपारी मोठ्याने वाचायला बसली. पहिल्या दिवशी सासू एकटी होती. आठवडाभरात शेजारच्या तिघी तांदूळ निवडायला सुपं घेऊन येऊ लागल्या.

मार्च महिन्यातल्या एका सकाळी म्बुके तरातरा बोटीवर चढली, तिकीटही न दाखवता थेट आत्यापुढे उभी राहिली.

"आत्या, त्या बाईने त्या मुलाला घरात घ्यायला नको होतं!"

"का? मुलाचा काय दोष?"

"दोष नसेल. पण नवऱ्याने आयुष्यभर फसवलं आणि निस्तरायचं हिने? मी असते तर बूट रस्त्यावर फेकले असते."

"फेकले असतेस, आणि अनवाणी पोर दारात बघून परत आणले असतेस. मी ओळखते तुला."

"मुळीच नाही! आणि सासूबाईंचंही हेच म्हणणं आहे."

"सासूचं आणि तुझं एकमत? मग माझा आहेर पावला."

म्बुकेला हसू आलं, पण ती माघार घेईना. शेजारी केळ्यांचे घड घेऊन बसलेल्या दोघी बायकांनी सगळी हकीकत विचारून घेतली. एक आत्याच्या बाजूने झाली, दुसरी भाचीच्या. बोट म्वांझाच्या धक्क्याला लागली, लॉऱ्या उतरल्या, माणसं उतरली. म्बुके बाजाराला म्हणून आली होती, तिची पिशवी रिकामीच. भोंगा झाला, तरी ती कठड्याला टेकून बोलतच होती. बोट पुन्हा पलीकडे निघाली तेव्हा लिमीने तिला बाजूला सारलं.

"थांब जरा, आधी तिकिटं बघू दे. मग सांगते तुझं कुठे चुकतंय ते."