शरणम्माचे पाय

लिहायची मला सवय नाही, जमेल तसं सांगतो. लातूरला आमच्या शिलाईच्या दुकानासमोर शरणम्मा आणि तिचा नवरा शिवमूर्ती मेस चालवायचे. मूळचे औशाकडचे. त्र्याण्णवच्या भूकंपात तिथलं घर पडलं आणि त्यांचा एकुलता एक रविकिरण त्याखाली गेला. पोराला दहीभात फार आवडायचा. म्हणून शरणम्मानं त्याच्या नावानं दूध, दही, ताक, तूप सगळं सोडलं. गेलेल्या माणसाच्या आवडीचा जिन्नस असा सोडतात आमच्याकडं. लिंगायताचं घर, अंडं-मटण नव्हतंच. ताटात राहिली भाकरी, डाळ आणि ठेचा. कौतुक मात्र सगळ्यांनी केलं.

पुढं लातुरात क्लासेस फोफावले. गल्लीतल्या खोल्याखोल्यांतून डॉक्टर व्हायला निघालेली पोरं. शरणम्मा त्यांना वाटी भरून दही वाढायची, स्वतः बोटसुद्धा चाटायची नाही.

भूकंपानंतर पाच-सहा वर्षांनी ती म्हणायला लागली, "जमीन हालतीय."

"जमीन न्हाई, तुझं डोस्कं हालतंय," शिवमूर्ती म्हणायचा. "भ्या बसलंय मनात."

आम्हा सगळ्यांना ते पटलं. नुसता ट्रक गेला तरी घराबाहेर पळणारी माणसं होती आमच्यात. डॉक्टरनं तिचं गाव विचारलं, मान डोलावली आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यानं रक्त कमी म्हणून लाल गोळ्या दिल्या. तोंडावर तजेला आला, तसे सगळे निर्धास्त झाले.

एकदा ती मंडईतून एकाच पायात चप्पल घालून आली.

"काकू, दुसरी कुणाला दान केली?" जेवायला बसलेल्या पोरांनी विचारलं.

तिनं खाली बघितलं. चप्पल कधी निसटली, तिला पत्ताच नव्हता. पोरं हसली, तीही हसली. मग पायरीवर बसून तळवा चोळत राहिली. "कापसावर चालल्यावानी वाटतंय," ती म्हणाली. ऐकायला कुणी थांबलं नाही, क्लासची वेळ झाली होती.

नंतर हातही गेले. तव्याचा चटका कळेना. बोटं भाजलेली, भाकऱ्या कडेला जाड. अंधारात भिंत धरल्याशिवाय पाऊल पडेना. पोरं एकेक करून दुसऱ्या मेसला गेली. शिवमूर्ती चिडायचा, "जग सावरलं, तुझाच भूकंप सरंना."

शेवटी ती नवऱ्याबरोबर नांदेडला नणंदेकडं, महानंदाकडं बारशाला गेली आणि पाळण्याशेजारीच कोसळली. महानंदानं दोघांना तिथल्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण तरुण होती. शिवमूर्तीनं सवयीनं सांगितलं, "म्याडम, ही भूकंपातली हाय."

डॉक्टरणीनं शरणम्माला पाय जुळवून उभं केलं. "मावशी, आता डोळे मिटा."

डोळे मिटले आणि ती झाड तोडल्यासारखी डॉक्टरणीच्या अंगावर गेली.

"डोळे मिटल्यावरच येणारा भूकंप मी तरी ऐकला नाही," डॉक्टरीण म्हणाली. "जेवता काय? दूध?"

शरणम्मानं नाही म्हणून मान हलवली. मग महानंदानं रविकिरणचं सांगितलं.

डॉक्टरणीनं रक्त तपासलं आणि समजावलं. बी-बारा नावाचं जीवनसत्त्व भाकरी-भाजीत नसतं. शाकाहारी माणसाला ते दुधातूनच काय ते मिळतं. ते संपलं की पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू झिजत जाते आणि पायाला जमीन कळेनाशी होते; डोळे उघडे असतात तोवर माणूस बघून तोल सांभाळतो. लाल गोळ्यांनी रक्त सुधारलं होतं, आतली झीज चालूच होती. इंजेक्शनं द्यायची, पण जेवढं गेलं तेवढं सगळं परत येईल असं नाही.

"वेळेवर आला असता तर मावशी धड चालल्या असत्या," ती म्हणाली.

"वेळेवरच आलतो," शरणम्मा म्हणाली. "लातुरात दोन डॉक्टर झाले. कुणी डोळे मिटायला लावलं न्हाई."

इंजेक्शनांनी हात बरेचसे परत आले. पाय आले नाहीत. मेस बंद झाली. शिवमूर्ती तिला बखोटीला धरून दारापर्यंत आणायचा. गल्लीतल्या बायका यायच्या, आता तरी दूध घे म्हणायच्या. व्रताचं कौतुक करणाऱ्याही याच होत्या.

एका सकाळी मी तिची पोलकी द्यायला गेलो होतो. शिवमूर्तीनं दुधाचा गिलास तिच्यापुढं धरला. "घे. डॉक्टरीण पी म्हणलीय. पोराला काय वाईट वाटणार न्हाई."

शरणम्मानं गिलास हातात घेतला, बघितला आणि परत त्याच्यापुढं केला.

"तुमीच प्या. तुमचे पाय धड राहिले पाहिजेत. मला मोरीपर्यंत न्यायला कोण हाय?"

शिवमूर्तीनं माझ्याकडं बघितलं. मग तिथंच उभ्यानं तो गिलास पिला.